जमनीला दिलेला डावा हात

६ ऑगस्ट

शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. मी अतिरिक्त. कळंबच्या आमच्या शाळेत एकोणीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान आणि गणित शिकवलं, आणि आता एका ओळीत मी जास्तीची झाले. पट घसरला, तुकड्या घटल्या, म्हणून माझं समायोजन झरी तालुक्यातल्या एका शाळेत. ३० सप्टेंबरपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर सेवा संपली असं समजण्यात येईल. माझी वर्षभराची बिनपगारी रजाही त्याच दिवशी संपते, हे त्यांनी आवर्जून कळवलं आहे. इतर वेळी साधी पोच द्यायला यांना तीन महिने लागतात.

भीमराजनं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "झरी काही वाईट नाही," म्हणाला. "मी गेलतो एकदा जादा गाडी घेऊन. झाडं हायेत भरपूर." माझा नवरा एसटीत कंडक्टर आहे. त्याला कुठलंही गाव वाईट वाटत नाही, कारण त्याला कुठे उतरायचंच नसतं.

मी झरीला जाणार नाही. लोहाऱ्याला माझी कंपनी आहे. पंचावन्न दिवसांत एक मोठी ऑर्डर मिळवायची आणि राजीनामा त्या कार्यालयाच्या टेबलावर ठेवून यायचा. ऑर्डर मिळाली नाही तर झरी. तिसरा रस्ता नाही.

७ ऑगस्ट

सकाळी चहा घेताना हिशेब मांडला तो पैशांचा नाही, माणसांचा. मी शिक्षिका असतानाच धंद्यात पडले याचं कारण माझी हौस नव्हे. भोवतीची माणसं सुमार होती, म्हणून.

पहिला प्रयोग शिकवणी वर्गाचा. आमच्याच शाळेतला अमर नावाचा मास्तर भागीदार घेतला. मी मुलांना सिद्धता शिकवायची, हा सूत्रं गाण्याच्या चालीवर म्हणायचा. दोन वर्षांत सगळी मुलं त्याच्या खोलीत आणि माझ्या खोलीत फळा, खडू आणि मी. आज त्याचे यवतमाळात तीन वर्ग आहेत, बाहेर चपलांचा ढीग असतो. मुलांना गणित नको असतं, करमणूक हवी असते, हे मला तेव्हाच कळलं.

दुसरा प्रयोग मोबाईलवरच्या धड्यांचा. पुण्याची दोन पोरं भागीदार होती, दाढ्या राखलेली. मी दोनशे बारा व्हिडिओ केले. सरासरी माणूस चाळीस सेकंद बघायचा. त्यातला एक दाढीवाला म्हणाला, "मॅडम, थोडं हसाल का?" मी म्हटलं, गुरुत्वाकर्षणात हसण्यासारखं काय आहे ते दाखव, हसते. कंपनी गेली.

आता ही तिसरी. शाळांसाठी विज्ञानपेटी. भिंग, चुंबक, कप्पी, बल्ब, सेल बसवायचा होल्डर, वायर, असे चोवीस प्रयोग, आणि सोबत मी लिहिलेली चौसष्ट पानांची पुस्तिका. नुसती प्रस्तावनाच चार पानांची आहे. असं काम या जिल्ह्यात कोणी केलेलं नाही, आणि कोणाला त्याचं कौतुकही नाही.

१६ ऑगस्ट

शनिवार, चाचणीचा दिवस. एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सहा बाया काम करतात. साडेनऊला मी हजेरी घेते, शनिवारी पंधरा गुणांची चाचणी, सोमवारी निकाल भिंतीवर. शेजारच्या सरकीच्या गोदामातले हमाल दारात उभे राहून हसतात. हसोत. शिस्त नसलेली माणसं सरकीच वाहणार.

पाच बाया बऱ्या आहेत. पाठ करून येतात. सहावी जमनी. लोहाऱ्यापलीकडच्या तांड्यावरून पायी येते, पन्नाशीची असेल, दुसरी नापास. आज प्रश्न होता: चुंबकाचे दोन गुणधर्म सांगा. म्हणाली, "म्याडम, एका अंगानं वढते, एका अंगानं ढकलते. मानसासारखं." बाकीच्या खुदखुदल्या. मी शून्य दिलं. पुस्तिकेत पान नऊवर 'सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, त्यात माणसाचा संबंध कुठेच नाही.

ती कामावर आहे ती केवळ हातांमुळे. होल्डरची पितळी पत्री ती न बघता वाकवते, आणि तिचा एकही होल्डर परत करावा लागत नाही. हात असतात काही लोकांना. डोकं प्रत्येकाला थोडंच मिळतं.

२२ ऑगस्ट

मिळाली. म्हणजे मिळण्यासारखी आहे. पुण्याची एक संस्था विदर्भातल्या तीनशे शाळांना विज्ञानपेट्या देणार आहे. त्यांच्या बाई, प्रेरणा नाव, फोनवर बोलल्या. आवाजावरून कालपरवा कॉलेज संपलेलं. १२ सप्टेंबरला गाळा बघायला येणार. फॉर्ममध्ये एक रकाना होता, कामगार किती. मी वीस लिहिलं.

सहा लिहिले असते तर तिने तीनशे शाळांसाठी माझ्याकडे पाहिलंही नसतं. वीस लिहिणं म्हणजे खोटं नव्हे, तो अंदाज आहे. ऑर्डर मिळाली की वीस होतीलच.

२९ ऑगस्ट

आज चोरी पकडली.

नापास केलेल्या पेट्यांमधली एक आठ दिवसांपासून दिसत नव्हती. हजेरीच्या वेळी सरळ विचारलं. जमनी उभी राहिली. "म्या नेली, म्याडम. आनून देतो म्हनलं होतं राखीले." राखी, माझ्या पाच बऱ्या बायांतली पहिली, खाली मान घालून बसली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की कंपनीची वस्तू विचारल्याशिवाय नेणं याला काय म्हणतात ते तांड्यावर माहीत नसेल, इथे माहीत असलं पाहिजे.  दुपारच्या सुट्टीत जमनी तांड्यावर जाऊन पेटी घेऊन आली.

पेटीची काय दशा. भिंगावर ओरखडे, वायर कुरतडलेली, होल्डर तर काढूनच टाकलेला. त्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सेलभोवती गुंडाळली होती आणि वायरची टोकं तिच्यात खोचली होती. म्हणते, "नऊ पोरं खेडली आठ दिवस. तुमची पत्री दुसऱ्याच दिशी गेली. हे पट्टी नाई गेली." मी विचारलं, तुला हे करायला कोणी सांगितलं. "कोनं नाई." मग का केलंस? तर पट्टी ताणून दाखवते.

दुसरी नापास बाई मला भौतिकशास्त्र शिकवते. पितळी होल्डर बघून मुलाला धातू सुवाहक असतो हे कळतं. पंक्चरच्या दुकानातला कचरा बघून काय कळणार? ती पट्टी मी डब्यात टाकली. संध्याकाळी झाडताना पाहिलं तर तिथे नव्हती.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. एकोणीस वर्षांत शिकवलेल्या मुलांपैकी दोघांचे मेसेज आले. एकाने गुलाबाचं चित्र पाठवलं, दुसऱ्याने मला चुकून 'अमर सर' म्हटलं आहे.

८ सप्टेंबर

अडला हरी गाढवाचे पाय धरी. आज मी पुंडलिकरावांकडे जाऊन आले.

पुंडलिकराव म्हणजे आमच्या कळंबच्या शाळेचे संस्थाध्यक्ष. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंगला, दारात झोपाळा, झोपाळ्यावर ते. चौदा वर्षांपूर्वी राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा या माणसाने टेम्पो भरून मुलं आणली होती. कुठल्या कुठल्या पाड्यांवरची, तांड्यांवरची. आमच्या रजिस्टरमध्ये जी नावं होती आणि जी मुलं नव्हती, त्या नावांवर ही मुलं बसवली. हजेरी मी घेतली. एका मुलीला दिलेलं नाव आठवेना, तर ती मोठ्याने रडायला लागली, आणि मी तिला दप्तरात तोंड घालायला सांगितलं. मी त्या पापात नव्हते असं नाही, पण ते पाप त्यांचं होतं. मी नोकर होते.

आणि हात वर करण्याची ती युक्तीही यांच्याच शाळेतली. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या सगळ्यांचे हात वर झाले पाहिजेत. उत्तर येत असेल त्याने उजवा हात करायचा, येत नसेल त्याने डावा. मग मास्तर फक्त उजव्या हातांतला एक उठवणार. साहेब खूश, शाळा हुशार. मला त्या प्रकाराची शिसारी यायची.

पुंडलिकरावांनी ऐकून घेतलं. त्यांचा शिवणवर्ग आहे, त्यातल्या चौदा बाया एका दिवसासाठी पाठवतो म्हणाले. मग झोपाळा थांबवून म्हणाले, "म्याडम, तवा तं तुमी स्टाफरूममदी म्हनत होत्या, हे पाप हाय म्हनून. आता काय म्हन्ता?"

मी म्हटलं, तेव्हा तुम्ही सरकारला फसवत होता. मी फक्त तयारी दाखवते आहे.

"हाव, बरोबर हाय," म्हणाले, आणि आतून चहा मागवला. हा माणूस हसतो तेव्हा त्याला वाटतं समोरचा आपल्यासारखाच आहे. चहा मी अर्धा ठेवला.

११ सप्टेंबर

चौदा बाया आज दुपारी तालमीला आल्या. बऱ्या दिसतात, साड्या नीट. मी सर्वांना पांढरे ॲप्रन दिले, बाकं ओळीत लावली, भिंतीवरचे निकाल काढून न्यूटनचं चित्र लावलं. मग प्रश्नोत्तरांची तालीम घेतली. प्रश्न आला की वीस हात वर झाले पाहिजेत. माझ्या पाच जणींना उजवा. शिवणवर्गाच्या चौदा जणींना डावा. जमनीला डावा.

त्या चौदा जणींनी काही विचारलं नाही, त्यांच्या शाळेतही हेच चालायचं असणार. जमनीने मात्र उजवा वर केला. मी म्हटलं, डावा. तिने माझ्याकडे पाहिलं, मग राखीच्या उजव्या हाताकडे पाहिलं. डावा वर केला आणि तसाच धरून ठेवला. पुढचा प्रश्न झाला, त्याच्या पुढचा झाला, तरी हात वरच. शेवटी मला सांगावं लागलं, आता घे खाली. तेव्हा घेतला. साधी सूचना समजत नाही.

भीमराजला घरी सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "जमनीले कायले डावा? तीच तं करते ना सारं?" मी म्हटलं, करणं वेगळं, सांगणं वेगळं. तो म्हणाला, "तुले माहीत," आणि भाकरी मोडून घेतली. रोज पाचशे माणसांना तिकीट देणाऱ्या माणसाला प्रत्येकजण सारखाच वाटतो.

१२ सप्टेंबर

लिहिते. झालं ते क्रमाने लिहिते.

प्रेरणा बाई गाडीने येतील म्हणून मी फाटकाशी उभी. ती आली ऑटोतून, पाठीला पिशवी, पायात साधी चप्पल. नागपूरहून एसटीने आली म्हणे. अशा मुलीच्या हातात तीनशे शाळांचा निर्णय देणाऱ्या संस्थेविषयी काय बोलावं. मी खुर्ची दिली. ती जमिनीवर बसली, बायांच्या मधोमध. पुस्तिका चाळली, प्रस्तावना उलटून गेली. एक पेटी उघडली, होल्डर काढला, हातात फिरवला आणि विचारलं, "लहान मुलाने यात सेल उलटा बसवला तर काय होईल?"

वीस हात वर.

मी राखीचं नाव घेणार तोच ती हसून म्हणाली, "मॅडम, थांबा. मीपण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आहे. आमच्याकडे ज्यांना येत नाही ते डावा हात वर करायचे. मला डाव्या हातांपैकी कोणाला तरी विचारू द्या." आणि नेमकं बोट जमनीकडे.

जमनीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे बोलू नकोस अशा अर्थाने. तिला तो अर्थ कळला नाही किंवा तिने घेतला नाही. म्हणाली, "एकच सेल असन तं काई नाई होत, बल्ब पेटते. पन उलटा घालाले पोरगं जोर लावते, तवा हे पत्री वाकते. मंग सुलटा घातला तरी नाई पेटत. मास्तर म्हन्ते, तुले येत नाई. दोष पेटीचा असते आन् मार पोराले बसते."

पान सतरावर उत्तर दिलेलं आहे: विद्युतधारेची दिशा बदलेल. तेवढं म्हणाली असती तरी भागलं असतं.

मग त्या मुलीने विचारलं, मग काय करायला हवं? आणि जमनीने कमरेच्या पिशवीतून ती ट्यूबची पट्टी काढली. मी डब्यात टाकलेली तीच. सेल, वायर, बल्ब, पट्टी, सगळं अर्ध्या मिनिटात बांधून दाखवलं, पेटवून दाखवलं, जमिनीवर आपटून पुन्हा पेटवून दाखवलं. प्रेरणा बाईने स्वतः करून पाहिलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, तुम्ही करा. ती शिवणवर्गातली. तिच्या हातून होईना. घाबरून म्हणाली, "आमी तं कालच आलो बाई. आमाले पुंडलिकभाऊनं पाठवलं."

मी काही बोलण्याआधी प्रेरणा बाई जमनीकडे वळली. "इथे रोज किती जणी असतात?"

जमनी म्हणाली, "ते म्याडमले इचारा."

मला कोणी विचारलं नाही. ती मुलगी दोन तास जमनीजवळ बसून होती. मी दोन तास न्यूटनच्या चित्राखाली उभी होते. जाताना मला म्हणाली, पत्र पाठवते.

१३ सप्टेंबर

चाचणी घेतली नाही. डोकं दुखत होतं.

१९ सप्टेंबर

पत्र आलं. मला वाटलं होतं नकार असेल. नकार परवडला असता.

त्यांना पेट्या हव्या आहेत. आधी चाळीस शाळा, मग पुढच्या. लिहिते की "त्या दिवशीच्या बाकीच्या बायकांची गरज नव्हती. सहा जणींचं काम आम्हाला आवडलं. आम्हाला घाई नाही." पुढे अटी. होल्डरऐवजी ट्यूबची पट्टी. पुस्तिका चौसष्टऐवजी चार पानांची. आणि प्रत्येक शाळेत पेटी पोचेल त्या दिवशी मुलांना ती दाखवायला जमनीताईंनी जावं. जमनीताई!

म्हणजे मी एमएस्सी, बीएड, आणि माझ्या कंपनीचा चेहरा कोण, तर दुसरी नापास. मी लिहिलेली साठ पानं फेकायची आणि पंक्चरवाल्याची पट्टी ठेवायची. या मुलीला मी वीस बाया दाखवल्या याचा तिने असा सूड घेतला आहे, गोड शब्दांत.

भीमराजने पत्र दोनदा वाचलं. "हो म्हन," म्हणाला. "हे तं तुले पाहिजे होतं ना? राजीनामा दे उद्या."

मी म्हटलं, तुला अपमान कळत नाही का?

"कोनाचा?" असं विचारलं त्याने. खरंच विचारलं, खोडी म्हणून नाही. 

२० सप्टेंबर

उत्तर पाठवलं. तीन पानी. पट्टीची अट शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य कशी, पुस्तिकेतल्या प्रत्येक प्रकरणाची गरज काय, आणि प्रात्यक्षिक अर्हताप्राप्त व्यक्तीनेच का द्यावं, हे मुद्द्यांनिशी लिहिलं. अटी मागे घ्या, तरच पुढे बोलू. येतील फिरून. चोवीस प्रयोगांची पेटी त्यांना दुसरीकडे मिळायची नाही.

२४ सप्टेंबर

दोन ओळींचं उत्तर. "आपली भूमिका समजली. आपल्या कामाला शुभेच्छा." एवढंच. इतक्या लहान पत्रात माणूस चूकही शोधू शकत नाही.

२६ सप्टेंबर

बायांना सांगितलं की मंगळवारपासून गाळा बंद. कारण विचारलं नाही कोणी. त्यांना सगळं माहीत असतं. राखी रडली. बाकीच्यांनी ॲप्रन घडी करून ठेवले.

सगळ्या गेल्यावर जमनी दारात उभी राहिली. मला वाटलं, पट्टीचं काहीतरी सांगायला आली असेल, किंवा त्या पुण्याच्या पत्राचं. तिला पत्राविषयी मी काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "म्याडम, एक इचारू?"

विचार, म्हटलं.

"तुमी मले डावा हात काहून देला?"

मी म्हटलं, तुला येत नाही असं मला वाटलं.

"इचारलं होतं का?"

म्हटलं, दर शनिवारी विचारत होते. सहा महिन्यांच्या चाचण्या आहेत, शून्य, दोन, शून्य, कपाटात आहेत. मी कपाट उघडायलाही गेले. मागे वळले तर ती तिथेच उभी, रागावलेली नव्हती. म्हणाली, "ते तं तुमच्या पुस्तकातलं इचारत होत्या." मग पदर खोचला आणि निघाली. तांड्याकडच्या रस्त्यावर लहान होईपर्यंत दिसत होती. आता मी इतका वेळ का बघत राहिले ते मला सांगता येणार नाही.

३० सप्टेंबर

झरी. सकाळी साडेदहाला रुजू. मुख्याध्यापक गुलाबसिंग नावाचे, पानाने रंगलेले दात, म्हणाले, "या या, आमाले विज्ञानाचा मास्तर दोन वर्षांपासून नाई." मला आनंद झालेला दिसेना म्हणून ते जरा गोंधळले.

निघण्याआधी गाळ्याची किल्ली राखीच्या हातात दिली. तिने विचारलं, ड्रिल मशीन, सोल्डरिंगचं सामान, उरलेली भिंगं आम्ही वापरली तर चालेल का? घ्या म्हटलं. आठ दिवसांत एकमेकींच्या झिंज्या धरतील, मग कळेल हजेरी कशाला असते.

९ ऑक्टोबर

भीमराज परवा भेटायला आला होता. दसऱ्याला नागपूरच्या जादा गाड्यांवर ड्युटी होती, डोळे लाल. जेवण झाल्यावर बोलला. सहा जणींनी गट केला आहे. गाळा चालू आहे. पुण्याची बाई पुन्हा येऊन गेली. चाळीस शाळांची ऑर्डर त्यांनाच मिळाली.

फॉर्म कोणी भरून दिले, असं मी विचारलं. त्याने लपवलं नाही. "म्या. तुले ते नाई पाहिजे होतं ना?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो गेलाच होता, त्यामुळे एकच दिवस धरावा लागेल.

१८ नोव्हेंबर

इथली मुलं कोलाम आदिवासींच्या पाड्यांवरची आहेत. वर्गात हूं की चूं नाही. सहामाहीत नववीच्या एकतीस मुलांपैकी चौघं पास. गुलाबसिंगांना पेपर दाखवले तर म्हणाले, "म्याडम, पेपर जरा अवघड झाला असन." पेपर अवघड नसतो. माणसं सोपी असतात.

२२ जानेवारी

आज पेटी आली. चाळीस शाळांत आमचीही शाळा आहे, हे गुलाबसिंगांनी मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

खोका एसटीने आला, पाठोपाठ जमनी. नवीन लुगडं, कमरेला तीच पिशवी. मला बघून दचकली, मग पाया पडायला वाकली. मी अर्ध्यातच हात धरून थांबवलं. वर्गात मी मागच्या बाकावर बसले, कारण मुख्याध्यापकांनी सांगितलं.

तिने पेटी उघडली आणि काही सांगितलंच नाही. सगळं मुलांसमोर ओतलं. माझ्या एकतीस गप्प मुलांनी पाच मिनिटांत गोंगाट केला. मला उठून गप्प करावंसं वाटलं. एका मुलीने कप्पी उलटी अडकवली आणि विचारलं, असं केलं तर जोर जास्त का लागतो? पान एकतीसवर त्याचं उत्तर होतं, ते पान आता नाही. जमनी म्हणाली, "मले नाई माहीत. तू करून पाह्य, मंग मले सांग." ती मुलगी करत बसली. तास संपल्याची घंटा झाली तरी बसली होती. या मुलीचा आवाज मी चार महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. तिचं नाव मला हजेरीत बघावं लागलं.

शेवटी गुलाबसिंग उभे राहिले, फार खूश. जमनीला म्हणाले, "बाई, हे एवढं तुमाले शिकवलं तं कोनं?"

जमनीने मागच्या बाकाकडे हात केला. "ह्या म्याडमनं. सहा महिने शिकली मी यायच्यापाशी. यायचीच पेटी हाय हे."

हे खोटं आहे. मी तिला सहा महिने फक्त नापास केलं. मला ते तिथेच सांगता आलं असतं, सगळी मुलं वळून माझ्याकडे बघत होती. मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी उठून उभी राहिले आणि त्या टाळ्या घेतल्या.